अँब्युलन्समधलं मत

पपांनी सकाळचं वेदनाशामक इंजेक्शन नाकारलं.

"ते घेतलं की मी दिवसभर झोपतो," ते म्हणाले. "आज जागं राहायचंय. आणि हेस्टर, मी शुद्धीत नसेन तर मला मोजू द्यायचं नाही. मत माणसाने द्यायचं असतं, सामानाने नाही."

आजारी सदस्याला संसदेच्या आवारात आणायचं, समोरच्या पक्षाच्या प्रतोदाने तो जिवंत असल्याचं पाहायचं, की मत धरलं. शुद्धीचं कोणी विचारत नाही.

मेजर सर पेरेग्रिन ऑल्डवर्क, माझे वडील. आजोबांची जहागीर, आजोबांचीच रेजिमेंट, पुढे आजोबांचाच मतदारसंघ. महायुद्धात इटलीत त्यांच्या तुकडीतले चौतीस जण गेले. प्रत्येकाच्या आईला त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, आणि प्रत्येक पत्रात एक वाक्य होतं : तो लगेच गेला, त्याला काही जाणवलं नाही. हे खरं होतं का, असं मी एकदा विचारलं होतं.

"दोन पत्रांत," ते म्हणाले होते.

दोन वाजता अँब्युलन्स आवारात उभी राहिली. आमच्या पक्षाचा प्रतोद गाइल्स ओली छत्री घेऊनच आत चढला.

"मेजर, आज सरकार तुमच्यावर उभं आहे!"

"मग पडेलच," पपा म्हणाले.

चर्चा लांबत गेली. तीन वाजले, साडेतीन वाजले. ब्लँकेटची कड मुठीत धरून पपा छताकडे पाहत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम मी पुसत होते.

"पपा, थोडंसं तरी घ्या."

"घंटा झाल्यावर."

इंजेक्शन तयार ठेवून बसलेली सिस्टर माझ्याकडे पाहत नव्हती. मी पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होते.

चार वीसला मतदानाची घंटा वाजली. सभागृहाची दारं बंद व्हायला आठ मिनिटं होती. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की ब्लँकेटवरची मूठ सुटली आहे.

"पपा? पपा, घंटा झाली!"

"श्वास चाललाय," गाइल्स म्हणाला. "तेवढं पुरे."

विरोधकांचा प्रतोद अमोस थर्लो टोपी काढून आत वाकला. तो पूर्वीचा खाणकामगार. वीस वर्षं पपांशी भांडत आला होता.

"काय मेजर, आज तरी आमच्या बाजूला या की!"

पापणीही हलली नाही. थर्लोचं हसू ओसरलं.

"बाई, धरू का?"

"धरायचंच! जिवंत आहेत!" गाइल्स म्हणाला.

"नका धरू," मी म्हणाले. "ते शुद्धीत नाहीत."

"हेस्टर, डोकं ठिकाणावर आहे का? एका मताचा प्रश्न आहे!"

"त्यांनीच सांगून ठेवलंय."

थर्लो लगेच गेला नाही. गुडघ्यावर बसून त्याने पपांना दोनदा मोठ्याने हाक मारली. मीही मारली. मग सभागृहाची दारं बंद झाल्याची ओरड ऐकू आली. तो उठला, माझ्या खांद्याला हात लावला आणि उतरला. गाइल्स त्याच्या मागून गेला.

"आता द्या," मी सिस्टरला म्हणाले.

इंजेक्शन देऊन झालं. कळ ओसरली तसे, झोप लागायच्या आधी पपांनी डोळे उघडले. बाहेर विरोधकांचा जल्लोष चालला होता.

"झाली घंटा?"

"झाली."

"मोजलं मला?"

मी ब्लँकेटची कड सारखी केली.

"हो, पपा. लगेच मोजलं. तुम्हाला काही जाणवलंही नाही."

बाहेरचा जल्लोष ऐकत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "आता पत्राखाली सही कर."