मागच्या खोलीतली आई

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझ्या शेपटीवर मात्र बसू नका, तेवढी एकच उरली आहे. आज तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती माझी आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या लेकराची आहे. मन लावून ऐका.

मी एक जुनी, म्हातारी मांजर आहे. लांब केसांची, राखी रंगाची. लोक जिला जातिवंत म्हणतात तशी. आता माझे दोन दात पडले आहेत. सकाळी ऊन खिडकीत येतं आणि दुपारपर्यंत खोलीभर सरकत जातं; त्याच्यामागे सरकत राहायचं, एवढाच माझा उद्योग.

माझा जन्म मास्तरीणबाईंच्या घरी झाला. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मांजरं पाळली, पण छडीशिवायचा तो दरारा काही सुटला नाही. माझ्या आईला दोन वर्षांतून एकदाच पिल्लं होऊ देत, तीही डॉक्टरांकडून तिच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर. आम्ही स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत वाढलो. मिक्सरची घरघर, दाराची घंटा, हातातून सुटलेलं ताट, कशाचीच आम्हाला भीती उरली नाही. तेरा आठवडे पुरे झाल्याशिवाय एकही पिल्लू उंबऱ्याबाहेर जात नसे. न्यायला येणाऱ्याला आधी आमची आई भेटायची, मग आम्ही. एकदा नुसतं पाहायला यायचं आणि दुसऱ्यांदा न्यायला.

आणि प्रश्न तरी किती. घरी दिवसभर कोण असतं? खिडक्यांना जाळी आहे का? गावाला गेलात तर हिला कोण बघेल? पंधरा वर्षं सांभाळाल? एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, आमच्या मुलीचं लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी इतकं विचारलं नव्हतं."

"म्हणून तर विचारते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मुलगी निदान फोन करू शकते."

शेवटी एका कागदावर सही घेत. सांभाळणं जमलं नाही तर मांजर इकडेच परत आणायचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, असं त्यावर लिहिलेलं असे.

मित्रांनो, अशा काटेकोर बाईंच्या हातून एकच चूक झाली, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली. मला न्यायला त्यांचा भाचा आला, सख्ख्या बहिणीचा मुलगा. बाईंनी चष्मा लावला, तर तो हसत म्हणाला, "मावशी, आता मलाही परीक्षेला बसवणार का?" मावशी विरघळली. चष्मा पुन्हा डबीत गेला. पाळायला जाणाऱ्या पिल्लांचं नसबंदीचं ऑपरेशन करूनच त्या देत असत. माझं "पुढच्या महिन्यात मीच करून घेतो" असं तो म्हणाला, आणि बाईंनी मान डोलावली. कागदावर त्याने न वाचताच सही ठोकली. घरच्या माणसाला काय विचारायचं, असं बाईंना वाटलं.

पुढचा महिना कधी आलाच नाही. त्याच्या घरी मागच्या बाजूला एक खोली होती. कपडे धुण्याचं यंत्र, रिकामे खोके, आणि काचेला पांढरा रंग फासलेली एक खिडकी. तिथे मी पाच वर्षं राहिले. स्वतः अजून शेपटीशी खेळत होते, तेव्हाच माझं पहिलं वेत झालं. मग दुसरं, तिसरं, चौथं. अंगात रक्त भरायच्या आत पुढचं.

पिल्लांचे डोळे नीट उघडून ती चालायला लागली की भाचा त्यांना पुढच्या खोलीत नेई. तिथे त्याची पांढरी मांजर मखमली उशीवर बसलेली असे. तिला आयुष्यात कधी पिल्लू झालं नव्हतं. पण गिऱ्हाइकांना तो सांगे, "ही आई." माझे केस झडलेले, पाठीचा कणा वर आलेला, मला पाहून पिल्लू कोणी घेतलं असतं?

मांजरांना मोजता येत नाही म्हणतात. नसेल येत. पण झोपेत कूस बदलली आणि जिथे ऊब होती तिथे गार फरशी लागली, की किती गेली ते पोटाला कळतं. प्रत्येक वेळी मी दारापाशी बसून तीन-तीन दिवस हाका मारी. भाचा टीव्हीचा आवाज वाढवी. "झालं हिचं रडगाणं सुरू," म्हणे.

शेवटच्या वेताला एकच पिल्लू जगलं. राखी, माझ्यासारखंच. देवाजवळ मी एवढंच मागितलं, की हे एक तरी माझ्याजवळ पुरतं वाढू दे. त्याला तोंड धुवायला शिकवायचं होतं. खेळताना दात किती रोवायचे आणि कुठे थांबायचं, ते शिकवायचं होतं. ही विद्या आईच्या पंजाखालीच मिळते, आणि तिला आठवडे लागतात. ते जेमतेम पाच आठवड्यांचं झालं, आणि मी भाच्याला फोनवर बोलताना ऐकलं, "शनिवारी या, तयार ठेवतो."

त्याआधी गुरुवारी एक बाई आल्या. प्रसूतिगृहात नर्स होत्या. भाच्याने माझं पिल्लू उचलून पुढे नेलं आणि पांढरीजवळ ठेवलं. पांढरी फिसकारली आणि उशीसकट मागे सरकली.

"ही आई?" नर्सताईंनी विचारलं.

"हो. जरा तुसडी आहे स्वभावाने."

"दादा, अठरा वर्षं बाळंतिणी बघतेय मी. हिच्या पोटावरचा एक केस विस्कटलेला नाही. लेकुरवाळी अशी असते होय? खरी आई कुठाय?"

"ती आजारी आहे. गावाला पाठवलीय."

"आजारी आहे की गावाला गेलीय? एक काहीतरी ठरवा."

तेवढ्यात माझ्याच्याने राहवेना, मी आतून हाक मारली. पुढून पिल्लाने बारीक आवाजात ओ दिली. नर्सताई उठल्या, दार लोटून थेट आत आल्या, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

भाचा गडबडला. "मांजर अस्सल आहे, कागद आहे ना," म्हणत त्याने माझ्या वंशावळीचा कागद आणला. त्यावर मला जन्माला घालणाऱ्या घराचं नाव होतं, फोनसुद्धा होता. नर्सताईंनी त्याचा फोटो काढून घेतला.

"पिल्लू आजच न्या हवं तर," भाचा म्हणाला.

त्यांनी पुढून पिल्लू उचलून आणलं, त्याच्याकडे फार वेळ पाहिलं. मग ते माझ्या कुशीत ठेवलं. "एवढंसं लेकरू आईपासून तोडून नाही नेणार मी. आणि मी हे नेलं, तर तुम्ही हिला आणखी एक वेत लावाल." त्या रिकाम्या हाताने गेल्या.

ती संध्याकाळ माझी होती, मित्रांनो. पिल्लू पोटभर प्यायलं आणि माझ्या गळ्याखाली डोकं खुपसून झोपलं.

नर्सताईंनी त्याच संध्याकाळी मास्तरीणबाईंना फोन केला. बाई दूर राहायच्या. सकाळची पहिली बस पकडून निघाल्या. पण भाच्याच्या मनात पाल चुकचुकली होती. त्याने शनिवारची वाट पाहिली नाही. शुक्रवारी दहा वाजता तो पिल्लाला खोक्यात घालून घेऊन गेला. साडेअकराला मास्तरीणबाई दारात उभ्या राहिल्या.

"पिल्लू कुणाला दिलंस?"

"पेट्रोल पंपावर एक माणूस आला होता. निळी गाडी होती."

"नाव? पत्ता?"

"नाही विचारलं, मावशी. फोनही त्याने दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून केला होता."

मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. त्याच्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "मी तरी तुला कुठे काय विचारलं होतं." मग त्याच्या सहीचा कागद टेबलावर ठेवला आणि मला उचललं. माझं वजन हाताला लागलं तशा त्या रडल्या.

त्या खोलीत पुन्हा मांजर ठेवलेलं नाही. बाई अजूनही न कळवता जाऊन पाहून येतात. नर्सताईंनी पुढे आमच्याकडूनच पिल्लू नेलं. आठ महिने थांबल्या, आणि बाईंनी त्यांनाही सगळेच्या सगळे प्रश्न विचारले. त्यांनी हसत उत्तरं दिली.

मला इथे, बाईंच्या घरी, काही कमी नाही. तरी बाहेर निळी गाडी थांबली की मी उठून बसते. बाईही वाचता वाचता मान वर करतात. कुठल्या कुठल्या डॉक्टरांकडे त्यांनी विचारणा केली. काही कळलं नाही. चार वर्षं झाली.

मित्रांनो, तुम्ही कधी पिल्लू आणायला गेलात तर आधी त्याची आई बघा. पिल्लाला तिच्याजवळ जाऊ द्या, ती त्याला चाटते का ते पाहा. आई दाखवत नसतील, घाई करत असतील, तर मन घट्ट करून रिकाम्या हाताने परत या. तुम्हाला खोदून खोदून विचारणारं माणूस भेटलं तर कंटाळू नका.

आणि माझ्या लेकराची आठवण ठेवा. आता तो मोठा बोका झाला असेल. कदाचित खेळताना जरा जोरात चावत असेल, गोधडीचं टोक तोंडात धरून चोखत असेल. त्याला खोडकर म्हणू नका, तो पाच आठवड्यांचा होता. झोपण्याआधी त्याच्यासाठी एकदा हात जोडा. त्याला नाव नव्हतं. "राखी मांजरीचा धाकटा" एवढं म्हटलंत तरी चालेल. देव ओळखेल त्याला.