फॉरमॅट मारण्याआधी

मी ऑपरेटिंग सिस्टीम बोलतेय. उदगीरच्या सिद्धलिंग मास्तरांच्या संगणकाचा सारा कारभार माझ्याकडे आहे. पडदा, कळफलक, आवाज ही सगळी माझ्या हाताखालची मंडळी. मी उठले नाही तर कुणीच कामाला लागत नाही. एवढा मोठेपणा मिरवून घेतला, आता खरं ते सांगते.

मास्तर दृष्टिहीन आहेत. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले. ते टाइप करतात आणि मी मोठ्यानं वाचून दाखवते. सुरुवातीला माझी मराठी हसण्यावारी नेण्यासारखीच होती. त्यांच्या बायकोचं नाव शिवम्मा, तर मी वाचायचे ‘शिवमामा’! मास्तर चिडले नाहीत. गावं, माणसं, देवदेवता, एकेकाचा उच्चार त्यांनी मला बसवून शिकवला. माझी खरी कमाई तीच.

दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या गल्लीत टँकरनं. त्यातच उदगीर जिल्हा व्हावा म्हणून सभा भरत होत्या. अशाच एका सभेत मास्तरांना संध्याकाळी बोलायचं होतं. “जिल्हा नवा मिळंल, पर पाणी कोण्या जिल्ह्यातून आणायचं?” हे भाषणातलं वाक्य मी वाचलं की मास्तर स्वतःच हसायचे.

मी फार हळू चालते म्हणून दुरुस्तीवाल्या सिद्धेश्वरनं त्या दुपारी मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी सगळं नवं बसवलं. मी राहते ती हार्ड डिस्क तेवढी जुनीच ठेवली. लाईट गेलेली होती. “आली की चालू करा, सर,” म्हणून तो निघून गेला.

लाईट आली. मास्तरांनी बटण दाबलं. मी जागी झाले तर घर परकं! माझीच डिस्क मला सापडेना. निळ्या पडद्यावर कशीबशी अडचण लिहिली आणि कोसळले. यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं, पुन्हा तेच. मास्तरांना ऐकू यायचा तो फक्त सुरुवातीचा पीं आवाज. दर वेळी ते सावरून बसत. मी ओरडत होते ते अक्षरांतून, आणि घरात वाचणारं कुणी नव्हतं. फार असहाय वाटलं मला.

शेवटी त्यांनी सिद्धेश्वरला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तेवढ्यात शिवम्मा आणखी एक भांडं न्यायला घरी आली. घागरी तिनं टँकरच्या रांगेत लावून ठेवल्या होत्या.

“डिस्क पुसून फॉरमॅट मारावा लागंल, सर,” फोनमधून सिद्धेश्वर म्हणाला. “भाषण काढून देतो. पर तुम्ही शिकवलेले उच्चार सगळे जातील.”

मास्तरांनी कळफलकावरून हात फिरवला. “मार बाबा. संध्याकाळी सभा हाय.”

मला राग आला नाही, वाईट मात्र वाटलं.

“थांबा हो,” शिवम्मा म्हणाली. “पडद्यावर ती कायतरी लिहायलीय. आधी तिचं ऐकून तरी घ्या.”

तिला इंग्रजी शब्द वाचता येत नसत, एबीसीडी आणि आकडे येत. निळा पडदा क्षणभरच टिकायचा, त्यात एखाददुसरं अक्षर हाती लागायचं. गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. ती दाराकडे वळली आणि पुन्हा पडद्यापाशी आली.

“शून्य, शून्य... सात... बी!”

“सात बी?” सिद्धेश्वर ओरडला. “मग नका मारू, सर! तिला डिस्क सापडंना झालीय. नव्या बोर्डाला डिस्क वाचायची जुनी पद्धत लावून देऊ.”

तो फोनवर सांगत गेला, शिवम्मा बोर्डाच्या सेटिंगमधली अक्षरं वाचत गेली, मास्तरांची बोटं कळा दाबत गेली. “आय, डी, ई,” तिनं त्या जुन्या पद्धतीचं नाव वाचलं. मास्तरांनी एंटर दाबलं.

मी उठले! मास्तरांनी भाषण उघडलं, मी वाचू लागले, आणि त्यांचे डोळे भरून आले. शिवम्मा भांडं घेऊन धावत सुटली.

आज मी चालू आहे, किती दिवस ते ठाऊक नाही. तुमचं यंत्र अडलं तर मारामारीआधी पडदा वाचा, एवढंच मागणं. आमच्यासाठी कुणाकुणाला काय सोडावं लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्या दुपारी थोड्याच वेळात शिवम्मा परत आली.

“मिळालं का पाणी?” मास्तरांनी विचारलं.

“मिळालं की,” म्हणत तिनं घागरी खाली ठेवल्या.

मास्तरांचा कान तो. घागरी पोकळ वाजल्या आणि ते उठले. चाचपत एक घागर उचलली. “चल. पलीकडच्या गल्लीत टँकर थांबला असंल.”

दोघं गेली. मला थांबवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. रिकाम्या घरात मी भाषण शेवटपर्यंत वाचलं.