हद्दीचा दगड आणि दोन कोर्टं

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. निदान होतो. कानडी मुलुखातल्या आनेकलजवळच्या खाणीतून मला काढले, पाथरवटाने माझ्या चारही बाजू सारख्या केल्या आणि गुंडूराव व पिराजी या चुलतभावांच्या आजोबांनी वाटणीच्या दिवशी मला दोन शेतांच्या मध्ये पुरले. कुणाचे शेत कुठे संपते, एवढेच मी सांगायचे. ते मी साठ वर्षे चोख सांगितले. "हा आहे म्हणून भांडण नाही," असे लोक म्हणत. मला अभिमान वाटे.

मग आजूबाजूला घरांचे प्लॉट पडले. पिराजीला आपल्या जमिनीपर्यंत ट्रक जाईल असा रस्ता हवा झाला. एका दुपारी तो पहार घेऊन मला उपटू लागला. गुंडूराव धावत आला.

"पिराजी, स्वल्प थांब रे! मोजणीदाराला बोलवू."

"कशाला, अण्णा? हा दगडच चुकीच्या जागी आहे."

गुंडूरावने पहार धरली. तोवर मी जमिनीतून सुटलो होतो; रागाच्या भरात पिराजीने मला त्याच्या अंगावर लोटले. मी थेट त्याच्या पायावर पडलो. हाड मोडल्याचे मला कळले, पण मला बाजूला कुठे सरकता येते?

पोलिसांनी मला ठाण्यात नेले. अंगावर 'मुद्देमाल' अशी चिठ्ठी लावली. तीन वर्षे मी मोडक्या सायकलींशेजारी पडून होतो. अखेर मला कोर्टात नेले. सरकारी वकिलांनी गुंडूरावला विचारले, "पायावर पडला तो हाच दगड?" तो म्हणाला, "हाच." संपले माझे काम! मी कुठल्या जागी उभा होतो, हे कुणी विचारलेच नाही.

पिराजीला सहा महिन्यांची कैद झाली. गुंडूरावची बायको शारदाबाई आनंदाने संध्या वकिलांकडे गेली.

"वकीलअक्का, आता जमीन आमचीच ठरली, नव्हं?"

"नाही, शारदाबाई. पाय मोडणं हा गुन्हा. त्याचा खटला सरकारनं चालवला, त्यात फक्त शिक्षा मिळाली. हद्द कुठली, हा तुम्हा दोन घरांमधला वाद. त्यासाठी तुम्हालाच दिवाणी दावा लावावा लागेल."

"मग त्या जज्जसाहेबांना हद्द दिसली नाही?"

"त्यांच्यापुढं तो प्रश्नच नव्हता. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की गुन्ह्याबद्दल काही शंका उरते का. दिवाणीत दोघांचं ऐकतात आणि ज्याचं म्हणणं जास्त पटतं, त्याच्या बाजूनं निकाल देतात."

"म्हणजे परत साक्षी, परत हेलपाटे? पाय एकच मोडला आणि कोर्टं दोन!"

शारदाबाई चिडली, पण दावा लावला. आता तर मीच मुख्य पुरावा होतो. माझा तळ जुन्या खड्ड्यात बसवून दाखवला असता, तर हद्द ठरली असती. संध्याताई मला मागायला ठाण्यात आल्या.

हवालदाराने कपाळाला हात लावला. "परवाच फोडला, मॅडम. निकालात शेवटी लिहिलं होतं, अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा. आम्ही काय करणार?"

त्यांना माझे तीन तुकडे दाखवण्यात आले. ठाण्याच्या नव्या भिंतीच्या पायात चुन्या-सिमेंटखाली ते अर्धे बुजले होते. संध्याताईंनी पिशवीतला निकाल काढला आणि त्याची शेवटची ओळ आता कुठे वाचली. मला ओरडावेसे वाटले.

दावा अजून चालू आहे. पिराजी सुटून आला आणि त्याने तो खड्डाही बुजवून टाकला. गुंडूराव काठी टेकत तारखांना जातो. दोन्ही घरे एकमेकांशी बोलत नाहीत.

मित्रांनो, शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद झाला, तर आधी मोजणी करून घ्या. तोंडाने भांडण चालते तोवर ते मिटवता येते. हात उचलला की ते सरकारचे होते आणि मूळ भांडण तसेच राहते. आणि कधी कोर्टात जावेच लागले, तर निकाल हाती पडताच तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या.