झाकणाची भट्टी, दाराची भट्टी

सीताबाईच्या बांगड्यांच्या दुकानात रंभाने आपले काचेचे मणी पितळी ताटलीत ओतले आणि ती जरा मागे सरून उभी राहिली. लग्नसराई होती. पेणच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दुकानातल्या चार बायका ताटलीत डोकावायलाही लागल्या होत्या. मणी देखणेच होते, खाडीच्या पाण्यासारखे हिरवट आणि पोटातून पांढरी रेघ गेलेले. सीताबाईने एक उचलून उजेडात धरला. तेवढ्यात ताटलीत टिक् असा आवाज झाला आणि कोणी हात न लावता एका मण्याचे दोन तुकडे झाले.

"हे काय गो?" सीताबाईने विचारलं.

रंभा तुकडे उचलू लागली. तेवढ्यात दुसरा मणी तडकला. बायका हसायला लागल्या. सीताबाईलाही हसू आलं, पण ताटली तिने रंभाकडे सरकवली. "गिऱ्हाइकाच्या गळ्यात असं झालं तर माझं नाव जायचं. फुटायचे बंद झाले की आण. सगळे घेईन."

रंभाचा कारभार तसा नवाच होता. नवरा रमेश धरमतरच्या जेट्टीवर बार्जवर कामाला, घरी सासू बायजाबाई आणि ती. तिचे मामा काळुराम रोह्याला राहायचे. कंपन्यांच्या प्रयोगशाळांमधल्या फुटक्या नळ्या, चंबू ज्योतीवर जोडून द्यायचा त्यांचा धंदा. एकदा सुट्टीला गेली असताना रंभाने त्यांच्या बर्नरवर काचेची कांडी वितळवून पाहिली, लोखंडी तारेवर मातीचा लेप देऊन त्याभोवती मधासारखी ओघळती काच गुंडाळली, आणि तिथेच तिला वेड लागलं. मामांनी एक जुना बर्नर आणि पायाने दाबायचा भाता देऊन टाकला. मागच्या पडवीत गॅसची टाकी ठेवून ती दुपारभर बसू लागली.

दुकानातून ती तडक एसटी पकडून रोह्याला गेली. मामांनी फुटका मणी भिंगाखाली धरला.

"निववतेस कशात?"

"राखेत."

"राखेत बाहेरून निवतो, आत गरमच राहतो. मग आतल्या आत ताणतो. आज नाय फुटला तर महिन्याने फुटेल. ज्योतीवरनं काढला की गरम भट्टीत घालायचा, सगळे झाले की भट्टी हळूहळू उतरवायची. तुला आता भट्टी घ्यायला हवी, रंभा."

भट्टी घ्यायची एवढं ठरलं. कुठली घ्यायची, यावर मात्र घरात रण पेटलं.

त्याला कारण मोरू. हा बायजाबाईच्या माहेरच्या नात्यातला. पेणमध्ये त्याचा गणपतीचा कारखाना होता. गणपतीला भट्टी लागत नाही. पण मध्ये कधीतरी भाजलेल्या मातीचे दिवे करायचं त्याच्या डोक्यात आलं होतं, म्हणून त्याने मुंबईहून एक विजेची भट्टी आणली होती. दिवे दोनदा केले, विकले गेले नाहीत, आणि भट्टी कारखान्याच्या कोपऱ्यात अडगळ होऊन बसली. बायजाबाईने रंभाला न विचारता त्याला सांगून टाकलं, "आमच्याकडे पाठव." संध्याकाळी हातगाडीवर भट्टी दारात हजर.

विहिरीच्या कठड्यासारखी गोल होती ती, वरून झाकण. आत तीन वर्षांचं पोर उभं राहील.

"आई, माझे मणी बोराएवढे," रंभा म्हणाली.

"आज बोराएवढे. उद्या मोठं काय करशील तर? वाढत्या अंगाचं घ्यावं. आणि मोरूने फुकट दिली हाय."

फुकट म्हटल्यावर रंभाने भट्टी पडवीत घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीची वायर लावून खटका दाबला. रस्त्यावरच्या खांबावर फाट्कन आवाज झाला आणि अख्ख्या आळीचे पंखे बंद पडले. मे महिना. लोक पुठ्ठे हलवत ओट्यावर आले आणि सगळ्यांनी एकाच घराकडे पाहिलं. वायरमन आला तो डोक्याला हात लावूनच. ही भट्टी कारखान्याच्या लाइनवरची, घरातल्या मीटरवर ती कशी चालणार, असं म्हणत त्याने भट्टीतल्या थोड्याच तारा चालू राहतील अशी सोय करून दिली.

तशी ती तापायला दुपार गेली, पण तापली. रंभाने पहिला मणी केला. आता तो गरम असतानाच आत घालायचा. एका हातात मण्याची तार, ती फिरवत राहायला हवी, नाहीतर मणी एका अंगाला लोंबतो. उरला एक हात, आणि झाकण दोन्ही हातांनीही जेमतेम उचललं जाई.

"आई, जरा झाकण धरा."

बायजाबाईने पदर खोचून झाकण उचललं. आतली सगळी धग एकदम वर आली. तिने "आये" म्हणून झाकण सोडलं, रंभा दचकली, आणि मणी भट्टीच्या तळाशी जाऊन पडला. पडवीत जळक्या केसांचा वास सुटला. बायजाबाईच्या कपाळावरच्या बटा कुरळ्या झाल्या होत्या.

रंभाने आधी तिला पाणी दिलं, आरसा दिला. बायजाबाईने बटा चाचपल्या.

"प्रत्येक मण्याला हे झाकण उघडायचं?" आरसा खाली ठेवत तिने विचारलं.

"व्हय. आणि दर वेळी सगळी धग बाहेर जायची. मग आतल्या मण्यांचं पुन्हा तेच."

"मग मोरूला मी सांगते," बायजाबाई म्हणाली. मोरूसमोर माघार घेणं तिला किती जड गेलं असेल, हे रंभाला कळत होतं. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मामांनी रोह्यात गिरजाबाईंचं नाव सुचवलं. या बाई तांब्याच्या बिल्ल्यांवर भट्टीत रंग भाजून मीनाकाम करायच्या, शाळांचे, मंडळांचे, कंपन्यांच्या स्पर्धांचे बिल्ले. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून काम बंद होतं. त्यांच्याकडे छोटी भट्टी होती. रंभा निघाली तेव्हा बायजाबाई आधीच चपला घालून उभी होती. "मीपण बघते तुझी ती डबी."

डबीच होती म्हणा. टेबलावर बसेल एवढी चौकोनी, समोर खालून वर सरकणारं दार, दाराला लांब दांडा, वर धग दाखवणारं काट्याचं मीटर आणि एक बटण. साधा प्लग. रंभाने दांडा कोपराने दाबला, दार वर गेलं. सोडला, दार खाली आलं. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं.

"खेळणं नाय ते," गिरजाबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. भट्टी काढावी हे त्यांच्या मुलाचं म्हणणं, त्यांचं नव्हे, हे लगेच कळत होतं. "दोन माणसं येऊन गेली. एकाला त्यात पापड भाजायचे होते. मी म्हटलं, जा बाबा. तू काय करतेस?"

"मणी करते. पण फुटतात."

"करून दाखव."

मामांनी आपल्या घरून बर्नर, भाता आणि काचेची कांडी आणली. गिरजाबाईंनी भट्टी चालू केली, मीटरच्या काचेवर नखाने टिचकी मारली. "काटा अडकतो. टिचकी मारल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाय." काटा हवा तिथे आल्यावर रंभा भात्यावर पाय ठेवून बसली. कांडी ज्योतीत शिरली आणि टोकाला लाल थेंब धरला की तिचं बाकी सगळं बंद व्हायचं, तसंच झालं. मणी गोल आला. तार फिरवत फिरवत तिने कोपराने दांडा दाबला, पकडीने तार आत सरकवली, दार खाली आलं. दार उघडलं होतं ते जेवढ्यास तेवढं. मीटरचा काटा किंचित हलला आणि परत जागेवर आला.

गिरजाबाई खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या होत्या. त्यांना मणी दिसला नसावा. पण ज्योतीचा आवाज, दाराचा आवाज त्या ऐकत होत्या.

"घाई नाय करत," त्या बायजाबाईला म्हणाल्या. "सून का लेक?"

"सून."

"भट्टी उतरवताना बटण थोडं थोडं फिरवायला लागतं. हिच्यात आपोआप काय होत नाय. कोणीतरी जवळ बसायला हवं."

"मी दुपारची बसलेलीच असते," बायजाबाई म्हणाली. "एरवी आळीच्या उचापती ऐकते, आता बटण फिरवीन."

किमतीचं बोलणं झटक्यात उरकलं. मुलाने जेवढं सांगितलं होतं त्याहून गिरजाबाईंनी कमीच सांगितलं, आणि रंभा काही बोलायच्या आत चहा मांडायला आत गेल्या.

भट्टी गोधडीत गुंडाळून पॅसेंजरने पेणला आली. गाडीला गर्दी नव्हती. कासूला चढलेल्या एका बाईने गोधडीकडे पाहून विचारलं, "पोराला ताप हाय का?" बायजाबाई म्हणाली, "अजून नाय. घरी गेल्यावर येईल," आणि पेण येईपर्यंत दोघी सासू-सुना खिडकीकडे तोंड करून हसत राहिल्या.

पडवीत पहिल्याच दुपारी रंभाने ओळीने मणी केले, एकामागून एक आत सरकवले. मग बायजाबाई पाट घेऊन भट्टीसमोर बसली, टिचकी मारायची, बटण जरासं फिरवायची, पुन्हा पान लावायची. दार उघडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मणी हाताला गार लागत होते. रंभाने ते पाण्यात टाकून तारांवरून ओढून काढले. त्यातला एक बायजाबाईने उचलून मुद्दाम शहाबादी फरशीवर टाकला. तो उडाला, न्हाणीपर्यंत घरंगळत गेला. रंभा धावत जाऊन तो घेऊन आली, उन्हात धरून पाहिला. चीर नव्हती. ती तिथेच उंबऱ्यावर बसली, आणि बराच वेळ तो मणी तिने मुठीतून सोडला नाही.

गौरी-गणपतीच्या आधी तिचे मणी बाजारात दिसू लागले. मोरूनेही मूर्तींच्या कंठ्यांसाठी मागितले; भट्टी परत आल्याचा राग त्याला दोन दिवसांपेक्षा जास्त धरता आला नव्हता.

श्रावणात गिरजाबाई एका डोळ्याचं ऑपरेशन करून, काळा चष्मा लावून पेणला आल्या. कोणाला न कळवता, एकट्याच. त्या थेट पडवीत गेल्या, दांडा दाबून पाहिला, दोनदा वरखाली केला.

"दार जड झालंय," त्या म्हणाल्या. "तेल नाय घालायचं, जळतं. पेन्सिलचं शिसं घास खाचेत."

बायजाबाई पेन्सिल शोधायला शेजारी गेली. रंभाने बर्नर पेटवला आणि जांभळी कांडी त्यांच्या हातात दिली. गिरजाबाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"काच कधी केली नाय मी," त्या म्हणाल्या. "सांग, आधी कुठचा हात."