क्रोमची की साधी

"ही आतनं क्रोमची. गंजायची भीती नाही बघा. आणि ही साध्या पोलादाची. नेमाला हीच सरस, पण बार काढला की त्याच दिवशी उकळत्या पाण्यानं धुवायची, पुसायची, तेल द्यायचं." शुक्रवार पेठेत बंदुका दुरुस्त करणाऱ्या चनबसप्पानं रायफलीच्या दोन नळ्या फडक्यावर मांडल्या.

"क्रोमचीच बसवा," हिंदुराव म्हणाला. "आमच्यात धुनारं मानूस भरवशाचं न्हाय."

उंबऱ्याशी बसलेल्या मुक्ताबाईच्या काळजाला नवऱ्याचं बोलणं लागलं. पलटणीतून गावी जेऊरला परतल्यावर पीक राखायला त्याला बंदुकीचा परवाना मिळाला, तेव्हापासून डुकरांवर बार काढायचा त्यानं आणि नळी धुवायची तिनं, अशी वाटणीच होती. काडतुसाच्या टोपीतली दारू जळली की तिचं मीठ नळीत उरतं आणि पोलाद खातं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. तिनं कधी अंगचोरपणा केला नाही. पोर तापानं फणफणलेलं असतानाही चुलीवर आधण चढवलं होतं. तरी यंदा नळी आतून गंजली, गोळ्या भलतीकडं जाऊ लागल्या आणि सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं. बाईमाणसाच्या हाती हत्यार दिलं हीच चूक, असं हिंदुरावानं भावकीत सांगून टाकलं. भावकीला काय, तेवढंच हवं असतं! आपणच कुठं चुकलो असू, असं आताशा तिलाही वाटायला लागलं होतं.

चनबसप्पानं सळईला चिंधी गुंडाळून जुन्या नळीत फिरवली. चिंधी तांबडी निघाली.

"पाणी कुठलं घेता, अक्का?"

"दारातल्या नव्या हिरीचं."

"गोडं हाय?"

"कुटलं गोडं! मचूळ. डाळसुदिक शिजत न्हाय त्यात. पयलं जुन्या आडावरनं आनत हुते."

चनबसप्पाला हसूच फुटलं. "अहो, मीठ धुवायला खारं पाणी! आळसानं नव्हे, ही धुऊन धुऊन गंजलीय."

हिंदुरावानं ती तांबडी चिंधी उचलून उजेडात बघितली. विहीर त्यानं हौसेनं खणली होती. तिला कुणी खारी म्हटलं की तो अंगावर धावून जायचा.

"मीच म्हनलो व्हतो," तो चिंधी खाली ठेवून म्हणाला, "दारात हीर असताना आडावर कशाला मरतीस." मग बायकोकडं वळला. "हिची काय बी चूक न्हाय, चनबसप्पा. भावकीतबी सांगतो तसं. मुक्ते, आता तूच सांग. कंची घ्यावी?"

चार माणसांत त्यानं तिला कधी काही विचारलं नव्हतं. तिनं साधी नळी उचलली, दारात उजेडाला धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं.

"हीच. नेम हलाया नको. धुवायचं मी बगती. पन गोडं पानी तुमी आनायचं."

"आनतो की!"

"आडावरनं. कावडीनं. समद्यांच्या देखत."

"व्हय, व्हय."

चनबसप्पानं नळीसाठी हात पुढं केला. पण मुक्ताबाईनं ती पुन्हा डोळ्याला लावली. आतून पोलाद लखलखत होतं आणि पलीकडच्या टोकाला पेठेतला रस्ता दिसत होता, इवलासा आणि गोल.