भोसरीच्या मंडळीची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. लोक माझ्यावर बसतात आणि उठून जातात. तू कोण, कुठली, असे मला कोणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगायला बसले आहे. गोष्ट आनंदाची असेल, अशी आशा मात्र ठेवू नका.

माझा जन्म येरवड्याच्या तुरुंगातल्या मागावर झाला. मला विणणारा आतच राहिला आणि मी सुटले. १९६७ साली नगरकडून भोसरीच्या कारखान्यांत आलेल्या पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबांनी मिळून मला घेतले. त्यांचे पुढारी ज्योतीराम फिटर होते. भोसरीत आपली स्वतःची मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा संघ, उभी राहावी, हा एकच ध्यास त्या माणसाला लागला होता. पुण्याच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले होते, "एकजुटीने टिकून दाखवा. मग तुम्हाला तुमचा पाळक देऊ, प्रार्थनामंदिराचीही जागा बघू."

दर रविवारी ज्योतीरामांची पत्नी शालनबाई स्टोव्ह आणि भांडी खोलीबाहेर काढायची आणि मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरायची. ढोलकी घुमायची, गायने व्हायची. लेकरे माझ्यावर रांगली, दूध ओकली. मला कधी राग आला नाही. माणसे वाढली, दारात चपला मावेनात. नवा कोणी आला की ज्योतीराम सरकत सरकत शेवटी उघड्या फरशीवर जायचे. सगळे माझे कौतुक करायचे, आणि खोटे कशाला बोलू, मला थोडा गर्वही चढला होता.

पुढे विजेची टंचाई आली. भोसरीतल्या कारखान्यांची सुट्टी रविवारवरून गुरुवारवर गेली, आणि तिथेच माशी शिंकली.

तरुण कामगारांच्या वतीने अर्जुनराव म्हणाले, "उपासना गुरुवारी ठेवा. रविवारी आलो तर खाडा पडतो. खाडे वाढले की गेटावरूनच घरी पाठवतात."

वयस्कर हिंदुराव ऐकेनात. "रविवार प्रभूचा दिवस हाय. गुरुवारी जमायला आपण काय दत्ताच्या आरतीला चाललोय?"

रविवारी संध्याकाळी जमावे, तर निम्मे लोक दुसऱ्या शिफ्टला. शब्दाने शब्द वाढला. गावाकडची जुनी उणीदुणी निघाली. शेवटी दोन्ही गटांनी वेगळे व्हायचे ठरवले आणि दोघांनीही मला मागितले.

ज्योतीरामांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी शालनबाईची कात्री आणून माझ्यावर ठेवली. "घ्या, कापा मग," ते म्हणाले. त्यांना वाटले, कात्री पाहून तरी या माणसांना लाज वाटेल. मलाही तसेच वाटले होते.

हिंदुरावांनी माझे एक टोक धरले, अर्जुनरावांनी दुसरे. वाकडे कापले जाऊ नये म्हणून दोघांनी मला नीट ताणले.

शालनबाई कळवळून म्हणाली, "अवो, थांबवा की त्यांना."

"कात्री मीच दिली, शालन. आता कोणत्या तोंडाने थांबवू?"

मित्रांनो, कात्रीचे दुखणे सोसता येते. पण एक शालनबाई सोडली, तर इतक्या माणसांत एकानेही 'राहू द्या' म्हटले नाही, ते मला आजही सोसत नाही.

पाळकसाहेब आले, दोन्हीकडची मूठ-मूठ माणसे पाहून गेले, आणि पाळकाचा विषय पुन्हा निघाला नाही. हिंदुरावांचे लोक एकेक करून पुण्याच्या चर्चला जाऊ लागले. अर्जुनरावांचे गुरुवारी ओव्हरटाइम करू लागले. माझा दुसरा तुकडा कुठे आहे, मला माहीत नाही. उपासना बंद पडल्यावर मी, हा उरलेला अर्धा तुकडा, शालनबाईच्या खोलीत परत आले, त्या वेळी ज्योतीराम खाटेला खिळले होते.

१९८१ साली ते गेले. दोन्ही गट आले आणि अंगणात वेगवेगळे उभे राहिले. आधी हिंदुरावांनी प्रार्थना केली, तेव्हा एका बाजूने 'आमेन' म्हटले. मग अर्जुनरावांनी केली, तेव्हा दुसऱ्या बाजूने. शालनबाई माझ्यावर बसली होती. तिने दोन्ही वेळा तोंड उघडले नाही.

आता माझ्यावर ज्वारीचे पोते असते. माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. दुसरा कोणी थांबवील या भरवशावर कधी कात्री पुढे करू नका. आणि एखादे टोक तुमच्याच हातात आले, तर ते आधी तुम्ही सोडा.