जादा रकान्यातली भाषा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि माझ्यावर कित्येक महिने एकच वाक्य लिहिलेले आहे. ते पुसायची कुणाची छाती होत नाही. ते माझ्यावर कसे आले एवढेच मला सांगायचे आहे. गोष्ट हसण्याखेळण्याची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म बस आगाराच्या सुतारकामाच्या खोलीत झाला. मोडीत निघालेल्या बसच्या फळ्या जोडून सुताराने मला घडवले, काळा रंग दिला आणि पांढऱ्या तैलरंगाने माझ्यावर आठ रकाने आखले. सात रकाने सात मार्गांचे. आठव्याच्या डोक्यावर त्याने ‘जादा’ असे रंगवले. गर्दी उसळली तरच सोडायच्या गाड्यांसाठी तो रकाना होता. आगारात माझी ऐट काय सांगू! प्रवासी आधी माझ्याकडे बघत आणि मग घड्याळाकडे. माझ्यावर खडूने वेळा लिहिणाऱ्या कारकुनाला सगळे वेळापत्रककाका म्हणत. गाडी उशिरा आली तर चूक गाडीची, वेळापत्रकाची नव्हे, असे मानणारे ते गृहस्थ.

पुढे आगारात दिव्यांच्या अक्षरांच्या पाट्या आल्या आणि मला भंगाराच्या ढिगात उभे केले. त्याच सुमारास काका निवृत्त झाले. निरोपाच्या हारासकट त्यांनी मलाही हातगाडीवर घालून घरी नेले.

काकांना भाषांचे वेड. नोकरीत ते हौसेपुरते राहिले होते, आता त्याला मोकळे रान मिळाले. माझ्या सात रकान्यांत त्यांनी सात भाषा बसवल्या. आधी जुन्या : संस्कृत, ग्रीक, लॅटिन, हिब्रू. मग आजच्या : फारसी, जर्मन, फ्रेंच. प्रत्येकीला दिवस नेमून दिला, धड्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. आठव्या रकान्यात, ‘जादा’खाली, त्यांनी बारीक अक्षरात लिहिले : हिची माहेरची भाषा.

काकूंचे माहेर दूर डोंगरात. तिथली भाषा चार गावांपलीकडे कुणी बोलत नसे. तिला ना शब्दकोश, ना व्याकरणाचे पुस्तक. लग्नानंतर काकूंनी काकांची भाषा अशी उचलली, की शेजारणींना टोमणेसुद्धा त्याच भाषेत मारत. स्वतःची भाषा त्या दोनच वेळी बोलत : फोनवर धाकट्या बहिणीशी आणि हात भाजला की.

रकाना वाचून काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “म्हणजे मी जादा गाडी होय? गर्दी झाली तरच सोडायची?”

“अगं, तुझी भाषा घरचीच आहे,” काका म्हणाले. “कधीही शिकता येईल. पळून थोडीच जातेय?”

काकू हसल्या. त्यानंतर त्या अधूनमधून विचारत, “अहो, जादा गाडी लागली का फलाटाला?” काका नुसते हातानेच ‘थांब’ म्हणत, कारण त्यांचे नवे वेळापत्रक चाललेले असे. ग्रीक मागे पडली की जर्मनचा दिवस कापायचा, हिब्रू अवघड गेली की सगळे पुसून पुन्हा आखायचे. दर वेळी सात रकाने भरले जात. आठव्यात खूण कधी पडली नाही. मित्रांनो, घरचीला गृहीत धरायला वेळ लागत नाही.

मग एका सकाळी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्या बोलू लागल्या, पण त्यातले अक्षरही काकांना कळेना.

“मागाहून शिकलेली भाषा गेलीय,” काकांनी दवाखान्यात जाऊन विचारल्यावर डॉक्टर म्हणाले. “लहानपणची तेवढी राहिलीय. होतं असं कधी कधी.”

काका घरी येऊन माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी ओल्या फडक्याने सगळे रकाने पुसले. अक्षरांपैकी पुसला गेला नाही तो फक्त ‘जादा’ हा शब्द, कारण तो तैलरंगाचा होता.

काकूंची खाट माझ्यासमोर आणली आणि काकांनी आयुष्यातले शेवटचे वेळापत्रक आखले. आधी उच्चार, मग शब्द, मग वाक्ये. शेवटी अर्थ, आणि त्याच्या खाली लिहिले : मेहुणी आल्यावर. मेहुणीचा पाय प्लास्टरमध्ये होता, ती महिनाअखेरीस येणार होती.

“बाबा, मावशीला आत्ता फोन लावा ना,” लेक कळवळून म्हणाली.

“आधी नीट जमवू तर दे,” काका म्हणाले. “अर्धवट माहितीवर काय विचारायचं?”

काकू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. म्हणताना डावा हात उचलून माझ्याकडे दाखवत. काकांना कोण आनंद झाला! “बघितलंस? आई मला लिहायला सांगतेय,” ते लेकीला म्हणाले. मग ते तासन् तास त्या वाक्याचा उच्चार पकडत बसले. लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. त्यांचे तोंड माझ्याकडे आणि पाठ खाटेकडे. काकूंचा चेहरा फक्त मला दिसत होता. त्या रडत होत्या. मला वाचा असती, तर मी ओरडलो असतो.

एका दुपारी वाक्य मनासारखे उतरले. काका खडू झटकत म्हणाले, “आता ऐक हं, आता बरोबर आलंय.” आणि ते वळले. काकू गेल्या होत्या. डावा हात खाटेवरून खाली लोंबत होता.

बहीण आली ती काठी टेकत. तिचे रडणे ओसरल्यावर काकांनी माझ्यापुढे उभे राहून ते वाक्य तिला वाचून दाखवले.

“शेवटपर्यंत हेच म्हणत होती. काय गं अर्थ याचा?”

बहिणीने खाली बघितले. “भाऊजी, राहू द्या ना आता.”

“नाही, सांग.”

“‘फळा राहू द्या,’” ती म्हणाली. “‘इथं माझ्याजवळ येऊन बसा.’”

लेकीने फडके ओले करून आणले, तेव्हा काकांनी ते तिच्या हातातून काढून घेतले आणि खिडकीबाहेर टाकले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आमची निगा राखा. माझे तसले मागणे नाही. मला उद्या चुलीत घातले तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी ‘जादा’ रकान्यात ताटकळत असेल, तर आजच माझ्यासारख्याकडे पाठ फिरवा आणि त्या माणसाजवळ जाऊन बसा.

काका आता रोज संध्याकाळी रिकाम्या खाटेवर बसतात आणि ते वाक्य मोठ्याने वाचतात. त्यांच्या उच्चारात आता एकही चूक नसते.